जीन थेरपी येईल तेव्हा येईल, आधी रिपोर्ट तरी समजावून सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मध्यंतरी जीन थेरपीवर मोठा लेख आला होता, क्रिस्पर म्हणजे काय, डीएनएची कात्री कशी चालते, सिकलसेलवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजारावर, अमेरिकेत कसं औषध आलं वगैरे. लेख छान होता, कापून ठेवलाय. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्या कॅसगेव्ही नावाच्या उपचाराला परवानगी दिली, किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा कोटींच्या वर, आणि आता नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जीनवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने आपली देशी क्रिस्पर थेरपी जाहीर केली, तिला नाव दिलं बिरसा १०१, आणि बनवण्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. बिरसा मुंडांचं नाव दिलं ते बरं वाटलं, कारण हा आजार आपल्याकडे जास्त करून आदिवासी आणि दलित समाजातच आहे. पण पूर्ण लेखात प्राथमिक आरोग्य केंद्र हा शब्द एकदाही नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण मिरचीचा आणि मलेरियाचा भाग ठेवा ही विनंती.

मी आरोग्य खात्यात लॅब टेक्निशियन होतो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात नोकरी गेली, आता रिटायर आहे. आमच्यासारख्यांना जीनोमिक मेडिसिन, म्हणजे जीन बघून आजार ओळखणं आणि औषध देणं, हा शब्द परवा परवा कळला, पण काम आम्ही कितीतरी वर्षं तेच करत होतो. काचेच्या नळीत सोल्युशन घ्यायचं, त्यात बोटातलं थोडं रक्त टाकायचं, थोडा वेळ थांबायचं आणि नळीच्या मागे काळ्या रेघा असलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, सोल्युशन गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. ही सोल्युबिलिटी टेस्ट. अकराव्या क्रोमोसोमवर हिमोग्लोबिनचा जीन असतो, त्यातलं एक अक्षर बदललेलं असतं, फक्त एक, आणि त्यामुळे लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, हा सगळा जीनचाच मामला. तो आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये, लाईट गेलेली असताना बघत होतो. त्यामुळे जीनोमिक्स गावात कसं न्यायचं अशी चर्चा टीव्हीवर चालते तेव्हा हसू येतं, ते गावात आहेच, राज्याचा सिकलसेल कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. अर्धवट आहे ही खरी अडचण.

अर्धवट कसं ते सांगतो. गढूळ नळी एवढंच सांगते की या माणसात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. एका बाजूने आलंय का दोन्ही बाजूंनी, म्हणजे आमच्या भाषेत एएस पॅटर्न का एसएस पॅटर्न, ते ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते, ते मशीन मोठ्या दवाखान्यात, तिथे सॅम्पल जातं, आणि मग रिपोर्ट यायचा तेव्हा येतो. एएसवाला माणूस धडधाकट असतो, त्याला काही औषध लागत नाही, तो फक्त वाहक. एसएसवाल्याला आयुष्यभर दुखणं, हाडं दुखणार, रक्त कमी होणार, पोरगं असेल तर हातापायाची बोटं सुजणार, कावीळ दिसणार. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आणि मधल्या आठवड्यांत दोघांच्याही कानावर एकच शब्द गेलेला असतो, पॉझिटिव्ह. आता पॉझिटिव्ह म्हटलं की गावात लोकांना एचआयव्हीच आठवतो, पोरीचं नाव गावभर होतं, आणि ती बिचारी नुसती एएस असते.

केंद्र सरकारचं सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, ० ते ४० वयाचे ७ कोटी लोक तपासायचे आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. ६ कोटींच्या वर तपासण्या झाल्याचे आकडे २०२५ मध्येच आले. मी या कामाला नावं ठेवत नाही, एवढ्या लोकांच्या बोटाला सुई टोचणं खायचं काम नाही, आशाताई आणि सिस्टर लोकांनी नदीनाले ओलांडून केलंय. पण प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतात काय तर टेस्ट किती झाल्या. पॉझिटिव्ह निघालेल्या किती जणांना त्याचा अर्थ समजावून सांगितला, हा रकाना मी तरी कोणत्या फॉर्मवर बघितला नाही.

आणि समजावून सांगणं सोपं नाही हो. आपल्याकडे भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के सापडलेलं आहे, म्हणजे दर तीन-चार-पाच माणसांत एक. तिथे तुम्ही म्हणालात की आई एएस, बाप एएस, तर मूल एसएस व्हायची शक्यता २५ टक्के, तर समोरचा मान हलवतो आणि घरी जाऊन म्हणतो, पहिलं पोरगं आजारी निघालं, आता पुढची तीन बरी निघतील. हे मी कितीतरी वेळा ऐकलंय. २५ टक्क्याचा अर्थ लोक असाच काढतात, चारातलं एक, आणि ते होऊन गेलं. आमच्याकडे एक सिस्टर होत्या, त्या दोन वाट्या घ्यायच्या, एकात तुरीचा एक दाणा, तो चांगला जीन, आणि लाखोळीचा एक, तो सिकलचा, दुसरीतही तसंच, आणि बाईला सांगायच्या डोळे मिटून दोन्हीतून एक-एक उचल. काय आलं बघायचं आणि दाणे परत वाटीत टाकायचे, मग पुन्हा उचल. परत टाकायचे ही गोष्ट त्या तीन-तीन वेळा सांगायच्या कारण सगळी मेख तिथेच आहे, दरवेळी नव्याने खेळ, मागच्या पोराचा पुढच्याशी संबंध नाही. दहा मिनिटं लागायची. आणि दोन वाट्या का, तर एक आईची, एक बापाची, दोघांकडून सिकलचा दाणा आल्याशिवाय एसएस होत नाही. हे समजलं की सासूचं तोंड बंद होतं, नाहीतर सगळा दोष सुनेवर, तिच्या माहेरावर, नाहीतर कोणी करणी केली म्हणून पुजाऱ्याकडे.

ही दहा मिनिटं कोण देणार? मेडिकल ऑफिसर एक, ओपीडीला रांग. सिस्टर लसीकरण, डिलिव्हरी, ऑनलाईन एन्ट्री. आशाताईला ट्रेनिंग एक दिवसाचं, ते पण मराठीत, आणि घरोघरी बोलायचं माडियात किंवा गोंडीत. तिकडे नंदुरबारकडे पावरीत, भिलोरीत. समुपदेशक आहेत म्हणतात, काही ठिकाणी आहेतही, पण कंत्राटी, आज आहेत उद्या नाहीत, आणि एकाकडे एवढी गावं की तो फक्त कार्डं वाटत फिरतो. कार्ड म्हणजे तुमचा पॅटर्न काय ते छापलेलं. लग्नाआधी पत्रिका नको कार्डं जुळवा असा प्रचार करतात, कल्पना चांगली आहे, दोन एएसनी एकमेकांशी लग्न करण्याआधी विचार करावा यात चूक काही नाही. पण न समजावता कार्ड दिलं की काय होतं, मुलीकडचे कार्ड लपवतात, मुलाकडचे मुलाचं कार्ड काढतच नाहीत, आणि एएस मुलीला नुसत्या कार्डावरून नकार येतो, मुलगा एए, म्हणजे सिकलचा जीनच नसलेला, असला तरी. एए आणि एएसच्या लग्नात एसएस मूल होऊच शकत नाही हे सांगायला तिथे कोणी नसतं.

आता माझा मुद्दा. हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे. एचआयव्हीच्या वेळी. ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, सुरू झालं, एक खोली, दार लागतं अशी, एक समुपदेशक, एक टेक्निशियन. टेस्टच्या आधी बोलणं, टेस्टच्या नंतर बोलणं, रिपोर्ट फक्त त्या माणसाच्या हातात, नवऱ्याला किंवा बायकोला बोलवायचं तर कसं ते पण शिकवलेलं. प्रत्येक गरोदर बाईची टेस्ट, पॉझिटिव्ह असेल तर औषध, बाळाचा पाठपुरावा. सुरुवातीला आम्हीच म्हणायचो की खेड्यातल्या लोकांना कुठे हे काउन्सेलिंग-बिउन्सेलिंग समजणार, आणि ते झालं. त्या समुपदेशकांना सिकलसेलचं नीट ट्रेनिंग द्या, पगार वाढवा, जिथे वाहक जास्त आहेत त्या तालुक्यांत त्याच तालुक्यातली, तीच भाषा बोलणारी आणखी एक व्यक्ती भरा. खोली आहे, दार आहे, पद्धत आहे. जीनच्या आजारासाठी नवीन काहीतरी चकाचक सेंटर जिल्ह्याला उघडायचं, रिबन कापायची, आणि भामरागडच्या बाईने तिथे दिवसभर प्रवास करून यायचं, हा उलटा कारभार आहे.

गरोदरपणाचा हिशेब बघा म्हणजे कळेल की घाई कशाला. गर्भातल्या बाळाची डीएनए तपासणी करता येते, वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन, साधारण १० ते १२ आठवड्यांत, आणि लिंगनिदानाच्या कायद्यात अशा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणी असलेल्या केंद्रात ती करायला परवानगी आहे, बऱ्याच जणांना वाटतं की कायद्याने बंदीच आहे. पण बाईची नोंदणी होते तिसऱ्या महिन्यात, म्हणजे लवकर झाली तर. मग तिची सोल्युबिलिटी, मग सॅम्पल वर, मग रिपोर्ट, एएस. मग नवऱ्याला बोलवा. नवरा कुठे, तर जानेवारी ते एप्रिल अर्धा गाव तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो. तो येईपर्यंत पाचवा महिना. मग तो एएस निघाला तर नागपूरला पाठवायचं, सोबत कोण येणार, राहायचं कुठे, मजुरी बुडाली ती वेगळी. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते आणि कागदावर लिहिलं जातं, नातेवाईकांनी तपासणीस नकार दिला. नकार कसला, त्यांना विचारलंच उशिरा. म्हणून माझं म्हणणं की गरोदर बाईचं सॅम्पल वेगळ्या पिशवीत जायला पाहिजे, त्याचा रिपोर्ट आठवड्यात आला पाहिजे, आणि नवऱ्याची टेस्ट तिच्या टेस्टची वाट न बघता जमेल तेव्हा, पोळ्याला आला तर पोळ्याला, मिरचीला जायच्या आधी तर आधी, करून ठेवली पाहिजे. आणि तपासणीनंतर काय करायचं ते त्या घराने ठरवायचं. कोणी म्हणेल की कसंही असो, बाळ आम्हाला पाहिजे, तर ते पण बरोबर आहे, मग त्या बाळाची तयारी पहिल्या दिवसापासून करा.

ती तयारी पण फार मोठी नाही. नवजात बाळाला सोल्युबिलिटी टेस्ट चालत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरलेलं असतं, नळी स्वच्छ दिसते आणि आपण निगेटिव्ह लिहून मोकळे होतो. त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचे, वाळवायचे, आणि पाकिटात घालून लॅबला पाठवायचे, वाळलेला कागद एसटीने पण जातो, बर्फ लागत नाही. ब्राझीलने देशभर नवजात तपासणी २००१ मध्ये सुरू केली आणि त्यात सिकलसेल घेतलं. एसएस बाळ कळलं की पेनिसिलिन सुरू करायचं, न्यूमोनियाची लस चुकू द्यायची नाही, ती आता आपल्या सरकारी लसीकरणात आहेच. आणि जमैकात तर त्यांनी आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव, तपासायला शिकवलं, प्लीहा एकदम वाढली म्हणजे रक्त तिथे अडकतंय, लगेच दवाखाना. शाळा न शिकलेली आई हे करू शकते, बोटांनीच तर बघायचंय. याला कुठलं क्रिस्पर लागतं सांगा.

औषधाचं पण असंच. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल आहे, जुनी आहे, स्वस्त आहे. गंमत अशी की कॅसगेव्हीमध्ये अठरा कोटी घेऊन जे करतात, म्हणजे बंद पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतात, तेच ही कॅप्सूल थोड्या प्रमाणात करते. नागपूरच्या मेडिकलमध्ये मुलांवर कमी डोसची ट्रायल झाली होती, किलोला १० मिलिग्रॅम, २०१२ मध्ये छापून आली, दुखण्याचे झटके आणि रक्त चढवणं दोन्ही चांगलंच कमी झालं. म्हणजे आपल्याच नागपूरचं ज्ञान, आणि नागपूरपासून दोनशे किलोमीटरवर कॅप्सूल नाही. कधी स्टॉक नाही, कधी डॉक्टर घाबरतात कारण कॅन्सरच्या औषधांच्या यादीत नाव दिसतं, कधी मेडिकल दुकानदारच पेशंटला सांगतो की ही तर कॅन्सरची गोळी आहे, झालं, पेशंट घरी जाऊन डबी आड्यावर ठेवून देतो. रोज घ्यायची असते, दुखत नसताना पण घ्यायची असते, सुरुवातीला महिन्या-महिन्याला रक्त तपासायचं, पेशी कमी तर होत नाहीत ना बघायचं, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात होण्यासारखं आहे, सेल काउंटर असला की झालं. पण महिन्याच्या औषधासाठी त्याला जिल्ह्याला बोलवलं तर तेंदूपत्त्याच्या सीझनमध्ये तो येणार नाही, रोवणीत येणार नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत, उन्हात पाणी कमी पडून नाहीतर पावसात भिजून, त्याला झटका येणार. आश्रमशाळेतल्या पोरांचं तर विचारू नका, डिसेंबरात थंड पाण्याने अंघोळ, आणि पोरगं पाय दुखतात म्हणून रडलं की अभ्यास टाळतो म्हणून ओरडा. रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या, पॅटर्न न बघता. एसएस पोराला आधीच रक्त चढवून अंगात लोह साठत असेल तर त्याला अजून लोह कशाला, हे कोणीतरी बघायला नको का.

आता मलेरिया. तुम्ही म्हणाल त्याचा जीनशी काय संबंध. आहे, आणि माझ्या मते गावपातळीवर जीन बघून औषध द्यायचं याचं सगळ्यात साधं उदाहरण हेच. व्हायवॅक्स मलेरिया यकृतात दडी मारून बसतो, म्हणून त्याला १४ दिवस प्रायमाक्विन द्यावी लागते. पण काही लोकांत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, एक्स क्रोमोसोमवरचा जीन, त्यामुळे पुरुषांत जास्त दिसतं, आणि अशा माणसाला प्रायमाक्विन दिली की लाल पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, रक्त झपकन उतरतं. हे ज्ञान १९५६ पासूनचं आहे. आपल्या आदिवासी पट्ट्यात ही कमतरता आहे, त्यातल्या एका प्रकाराचं नावच जी-सिक्स-पीडी ओरिसा आहे. राज्यात मलेरिया जास्त असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली आहेच. आणि सूचना काय, तर गोळी द्या आणि पेशंटला सांगा की लघवीचा रंग बदलला तर गोळी बंद कर आणि दवाखान्यात ये. म्हणजे टेस्ट पेशंटच्या अंगावरच करायची! आशाताई रक्ताची पट्टी लावून मलेरिया दहा-पंधरा मिनिटांत सांगते, तशीच जी-सिक्स-पीडीची पट्टी आता मिळते, पुरुषांसाठी तरी ती बऱ्यापैकी चालते, बायकांत मधला प्रकार असतो तिथे थोडं मोजून बघावं लागतं. एकदा तपासलं की आयुष्यभराचं उत्तर, जीन काही बदलत नाही. सिकलसेलसाठी बोट टोचलंच आहे तर त्याच वेळी दुसरा थेंब या पट्टीवर टाकायला काय जातं? एकाच कार्डावर दोन्ही लिहा. पण सिकलसेलचा विभाग वेगळा, मलेरियाचा वेगळा, पैसे वेगळे, रजिस्टर वेगळं, माणूस मात्र एकच.

आणखी एक, नाजूक आहे पण सांगतो. जीनोमइंडिया प्रकल्पात देशातल्या ८३ समाजगटांतल्या लोकांचे दहा हजार जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचले, त्याचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला केला, चांगली गोष्ट आहे, आपल्या लोकांचे जीन आपण वाचले नाहीत तर परदेशातल्या गोऱ्या लोकांच्या यादीवर आपले रिपोर्ट वाचावे लागतात. पण सॅम्पल घेताना अंगठा कशावर घेतला ते त्या माणसाला कळलं पाहिजे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हवासुपाई नावाची आदिवासी जमात आहे, त्यांचं रक्त विद्यापीठाने डायबेटिसच्या अभ्यासासाठी म्हणून नेलं आणि पुढे त्यावर मानसिक आजाराचा आणि तुमचे पूर्वज कुठून आले याचा अभ्यास झाला, लोकांना पत्ताच नाही, शेवटी भांडण कोर्टात जाऊन २०१० मध्ये विद्यापीठाला भरपाई द्यावी लागली आणि सॅम्पल परत करावे लागले. आपल्याकडे असंच झालंय असं मी म्हणत नाही. पण शिबिरात मी बघितलंय, रांग लांब, फॉर्म इंग्रजीत, आधार नंबर आणि मोबाईल नंबर आधी, नाव नंतर, आणि सही कशाला असं विचारणाऱ्याला कर ना बाबा म्हणतात. ज्या यादीत कोणाची पोरगी एएस आहे ते लिहिलंय ती यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरताना पण बघितली आहे. ते बंद झालं पाहिजे, आजच्या आज होण्यासारखं आहे, त्याला निधी लागत नाही.

यावर मला माहिती आहे काय उत्तर येतं. डॉक्टरची जागा रिकामी आहे, सापाच्या लसीचा पत्ता नाही आणि तुम्ही जेनेटिक्सच्या गोष्टी करता. एकेकाळी मी पण असाच वैतागून बोललो असतो. पण बघा ना, मी मागतोय त्यात जीनोम वाचायचं मशीन कुठेच नाही. ते मशीन, डीएनएची पक्की तपासणी, यासाठी मुंबईची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था आहे, त्यांचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आता चंद्रपूरला पण आहे, तिथेच असू दे, तेच बरोबर आहे. एचपीएलसीत कधी कधी गोंधळ होतो, एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया आला असेल तर रिपोर्ट एसएससारखा दिसतो, नागपूरकडे सिंधी समाज मोठा आहे, त्यांच्यात थॅलेसेमियाचे वाहक जास्त, त्यामुळे असे पेशंट निघतात, आणि ते सोडवायला डीएनएच लागतं. असे सॅम्पल वर जाऊ दे. खाली लागतं ते एवढंच की सॅम्पल वेळेवर निघावं, उत्तर वेळेवर यावं, कॅप्सूल कपाटात असावी आणि माणसाला त्याच्या भाषेत सांगणारा माणूस खुर्चीवर असावा. आणि उद्या खरंच बिरसा १०१ च्या ट्रायल होऊन ती स्वस्तात मिळायला लागली तर ती कोणाला द्यायची, कोणाचा आजार किती तीव्र आहे, कोणाला वर्षात किती झटके आले, हे सांगणारं रजिस्टर कुठे असणार? प्राथमिक आरोग्य केंद्रातच ना. ते आज कोरं असेल तर थेरपी पण नागपूर-पुण्याच्या ओळखीपाळखीवाल्यांनाच मिळणार.

म्हणून तुमच्या पेपरला एक सुचवतो. दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिनाच्या बातम्या येतात, रॅली, रांगोळी, मान्यवरांचे फोटो. येत्या १९ जूनला तुमच्या जिल्हा प्रतिनिधींना सांगा की आरोग्य खात्याकडून तालुक्याप्रमाणे चार आकडे मागा. किती गरोदर बायका एएस निघाल्या आणि त्यातल्या किती जणींच्या नवऱ्याची टेस्ट चौथ्या महिन्याच्या आत झाली. सॅम्पल गेल्यापासून रिपोर्ट यायला सरासरी किती दिवस लागले. एसएसपैकी किती जण वर्षभरानंतरही हायड्रॉक्सीयुरिया घेतायत. आणि वर्षात किती महिने ती कॅप्सूल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात नव्हती. माहिती दिली नाही तर तसं छापा, तालुक्याच्या नावापुढे रकाना रिकामा ठेवून.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, जि. चंद्रपूर

ता.क. - जागा उरली तर एवढं नक्की छापा, वाचकांपैकी कोणाच्या घरी एसएस पेशंट असेल तर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा आजार धरलेला आहे, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. आणि एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट लागत नाही, कागद जवळ ठेवायचा आणि कंडक्टरने नाही म्हटलं तर डेपोत जाऊन बोलायचं. एएसवाल्यांना हे लागू नाही, कारण तुम्ही आजारी नाहीच.